काळी पट्टी, उंच बॉनेट, चंदेरी हनुवटी: छोट्या एसयूव्हीच्या रूपात कामाचं किती आणि दिखाव्याचं किती?

दसरा-दिवाळी किंवा अक्षय्य तृतीया जवळ आली की निफाड, येवला, चांदवड, सिन्नर, दिंडोरी भागातल्या अनेक घरांत एक चर्चा ठरलेली असते. गाडी घ्यायची. पूर्वी गाडी म्हटलं की अल्टो, वॅगनआर किंवा थेट बोलेरो डोळ्यांसमोर यायची. आता येते ती छोटी एसयूव्ही. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, थ्रीएक्सओ, मॅग्नाइट, फ्रॉन्क्स, नावं पोरांना तोंडपाठ आहेत. नवरदेवाची गाडी म्हणून तीच सजते आणि सोयरीक जमवायला जाताना तीच दारात उभी केली जाते.

कांद्याला किंवा द्राक्षाला एखाद्या वर्षी बरा भाव मिळाला म्हणून पुढचे पैसे भरले जातात आणि उरलेल्या रकमेचे हप्ते पाच-सात वर्षं चालतात. एवढा मोठा व्यवहार, पण निर्णय बऱ्याचदा एका वाक्यावर होतो: "दिसायला भारदस्त आहे." भारदस्त दिसणं काही वाईट नाही. मात्र हे भारदस्तपण कशानं येतं, त्यातलं खडीच्या रस्त्यावर कामाला येणारं किती आणि नुसतं रंगवलेलं किती, हे समजून घेतलं तर हप्ता भरताना चुटपुट लागत नाही.

एकाच गावच्या दोन गाड्या

नाशिकच्या महिंद्रा कारखान्यातून दोन गाड्या बाहेर पडतात, थार आणि एक्सयूव्ही थ्रीएक्सओ. तीन दरवाजांची थार ३९८५ मिलिमीटर लांब, तर थ्रीएक्सओ ३९९० मिलिमीटर. म्हणजे फरक अर्ध्या सेंटिमीटरचा. दोघींनाही लोक एसयूव्हीच म्हणतात. पण खाली वाकून पाहिलं तर या दोन वेगळ्या जातीच्या गाड्या आहेत.

थारच्या खाली ट्रकसारखी लोखंडी चेसिस आहे आणि तिच्यावर बॉडी बसवलेली आहे. मागचा एक्सल जीपसारखा सलग आहे आणि फोर बाय फोर घेतली तर चारही चाकं ओढतात. थ्रीएक्सओला वेगळी चेसिस नाही. बॉडी आणि सांगाडा एकच, जसा स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीचा असतो. इंजिनची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट यांचंही तसंच. या जातीला क्रॉसओव्हर म्हणतात. आतून कार आणि वरून जीपचा पोशाख, असं थोडक्यात म्हणता येईल. जपानच्या टोयोटानं १९९४ साली आणलेली आरएव्ही-फोर ही या जातीतली सुरुवातीची मोठी गाडी मानली जाते.

यात फसवणूक काही नाही. कारचा सांगाडा असल्यामुळेच ही गाडी हायवेवर शांत चालते, वळणावर कमी कलते, तेल कमी खाते आणि म्हाताऱ्या माणसांना धक्के कमी बसतात. पण चिखलात पुढची चाकं फिरायला लागली की मागून ढकलणारं कोणी नसतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवरस्त्यानं वस्तीवर जायचं असेल, तर उंच बॉनेट आणि काळी पट्टी तिथं काही कामाची नाही. तिथं ट्रॅक्टरच लागतो.

चार मीटरची कात्री

या सगळ्या गाड्या मागून अशा एकदम कापल्यासारख्या का दिसतात, याचं उत्तर सरकारच्या करात आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचं अबकारी शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. अट अशी, की लांबी ४ मीटरपेक्षा जास्त नको आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. कर बदलले, जीएसटी आला, पण ४ मीटरची रेघ तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे. लांबी किंवा इंजिन मर्यादेबाहेर गेलं की थेट ४० टक्के.

हिशोब करून बघा. कर सोडून ८ लाखांची गाडी धरली तर १८ टक्क्यांनी कर होतो १ लाख ४४ हजार आणि ४० टक्क्यांनी ३ लाख २० हजार. दोन बोटं लांबी वाढली की पावणेदोन लाखांचा फरक. म्हणून कंपन्यांचे डिझायनर आधी ३९९५ मिलिमीटरच्या आसपास रेघ मारतात आणि मग त्या रेघेच्या आत गाडी बसवतात.

इंजिन पुढं बसवावंच लागतं, पाच माणसांना पाय ठेवायला जागा द्यावीच लागते. मग कात्री चालते ती मागच्या बाजूला. महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० चं उदाहरण घ्या, जिचं पुढं थ्रीएक्सओ झालं. ती मूळ कोरियाच्या सँगयाँग कंपनीच्या तिवोली गाडीवरून तयार झाली. तिवोली ४ मीटरपेक्षा लांब होती. भारतात आणताना मागचा भाग छाटला. चाकांच्या मधलं अंतर २६०० मिलिमीटर तसंच ठेवलं, म्हणजे आत जागा भरपूर. पण ३९९५ मधून २६०० वजा केले की पुढच्या चाकाच्या पुढं आणि मागच्या चाकाच्या मागं मिळून उरतात फक्त १३९५ मिलिमीटर. एक्सयूव्ही ३०० ची डिकी लहान असल्याची तक्रार त्यामुळंच व्हायची.

पण या छाटाछाटीचा एक फायदा गावच्या माणसाला आपोआप मिळतो. चाकाच्या पुढं-मागं लोंबणारा भाग जितका कमी, तितकी चढावर किंवा चारीत उतरताना गाडी कमी घासते. करामुळं आलेली गोष्ट रस्त्यावर कामाला येते, ती अशी.

पाच सेंटिमीटरची जादू

रूप कसं काम करतं हे पाहायचं तर मारुतीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या कराव्यात. बलेनो आणि फ्रॉन्क्स. फ्रॉन्क्स २०२३ साली बाजारात आली ती बलेनोच्याच पायावर. चाकांमधलं अंतर दोघींचं २५२० मिलिमीटर, अगदी सारखं. लांबी ३९९० आणि ३९९५. उंची १५०० आणि १५५०. जमिनीपासूनचं अंतर, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, १७० आणि १९०. फरक म्हणाल तर उंचीत ५ सेंटिमीटर आणि पोटाखाली २ सेंटिमीटर. पण रस्त्यानं जाणाऱ्याला विचारा, तो बलेनोला कार म्हणेल आणि फ्रॉन्क्सला एसयूव्ही.

ही जादू चार-पाच युक्त्यांची आहे आणि जवळपास प्रत्येक कंपनी त्याच वापरते. पहिली युक्ती बॉनेटची. कारचं बॉनेट पुढं उतरतं असतं. ते वर उचलून सपाट केलं आणि नाक उभं केलं की गाडी छाती काढून उभी असल्यासारखी वाटते. दुसरी युक्ती काचांची. दरवाजाचा पत्रा उंच ठेवायचा आणि काच अरुंद करायची, म्हणजे बॉडी जाड दिसते. तिसरी, मागच्या खांबाला काळा रंग द्यायचा, म्हणजे टप हवेत तरंगतोय असं वाटतं आणि लांबी जास्त भासते. चौथी युक्ती चाकांची. चाक मोठं आणि त्याभोवती काळ्या प्लास्टिकची कमान असली की चाक आहे त्यापेक्षाही मोठं दिसतं.

पाचवी युक्ती खालच्या काळ्या पट्टीची. दरवाजांच्या खालून जाणारं काळं प्लास्टिक डोळ्याला बॉडीचा भाग वाटतच नाही, सावली वाटते. त्यामुळं रंगवलेला पत्रा जिथं संपतो तिथंच गाडी संपली असं वाटतं आणि गाडी जमिनीपासून आहे त्यापेक्षा बरीच उंच दिसते. शोरूममध्ये उभं राहून पट्टीवर हात ठेवून पाहा, पट्टी खाली कुठपर्यंत आलीय ते. खरी उंची तिथून मोजायची.

काळ्या प्लास्टिकला नावं ठेवू नका

दिखाव्याच्या यादीत लोक सगळ्यात आधी हे काळं प्लास्टिक टाकतात, पण ते चुकीचं आहे. गावच्या रस्त्यासाठी बाहेरच्या सगळ्या वस्तूंत कामाची वस्तू हीच. पुढच्या चाकानं उडवलेली खडी आणि मुरूम आधी चाकाच्या कमानीवर आणि दरवाजाच्या खालच्या भागावर बसतो. तिथं रंगवलेला पत्रा असता तर वर्षभरात रंगाच्या टिकल्या उडाल्या असत्या आणि मग गंज धरला असता. बांधाच्या दगडाला, गोठ्याच्या खांबाला किंवा ट्रॉलीच्या हुकाला घासलं तरी आधी ओरखडा प्लास्टिकला येतो. तुटलंच तर तेवढा तुकडा बदलता येतो, डेंटिंग-पेंटिंगची गरज नाही.

दोष एवढाच, की उन्हानं ते पांढरट पडतं. गाडी बारा महिने उघड्यावर उभी राहत असेल तर जास्त लवकर. मग कोणी डिझेल फिरवतं, कोणी खोबरेल. एक दिवस चकाकतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर सगळी धूळ चिकटते. प्लास्टिकसाठीचं पॉलिश दुकानात मिळतं, ते लावावं आणि जमलं तर गाडी सावलीत ठेवावी. एवढं पुरे.

चंदेरी हनुवटी मात्र वेगळी गोष्ट. पुढच्या आणि मागच्या बंपरखाली जी चांदीसारखी ताट दिसते तिला स्किड प्लेट म्हणतात. खऱ्या रानगाडीत ती लोखंडाची असते आणि दगडावर गाडी टेकली तर इंजिनच्या तळाला वाचवते. छोट्या एसयूव्हीत ती बहुतेक ठिकाणी चंदेरी रंग दिलेलं प्लास्टिक असते. बोटानं वाजवून पाहा, आवाजच सांगतो. तिच्या भरवशावर दगडावरून गाडी घालू नये. इंजिनखाली आच्छादन आहे का आणि ते कशाचं आहे, हे सर्व्हिस सेंटरला गाडी उचलली असेल तेव्हा खाली उभं राहून बघता येतं.

२०८ मिलिमीटर कोणाचे?

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा आता पोरंसोरं सांगतात. नेक्सॉन २०८, सोनेट २०५, थ्रीएक्सओ २०१. पण आपल्याकडे कंपन्या हा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा सांगतात. गाडीत पाच माणसं बसली आणि डिकीत दोन गोण्या पडल्या की स्प्रिंग दबते आणि आकडा खाली येतो. आहेराचं सामान भरून परत येताना गावच्या उंच गतिरोधकावर जी गाडी घासते, तीच सकाळी रिकामी जाताना घासलेली नसते.

दुसरं असं, की आकडा गाडीच्या पोटाचा असतो, नाकाचा नाही. पोट २०० मिलिमीटर उंच असलं तरी पुढचा बंपर लांब आणि खाली आलेला असेल तर चारीतून वर चढताना आधी तोच टेकणार. बंपरच्या खाली काळ्या रंगाची एक लवचिक पट्टी लोंबते. हवा नीट वाहावी आणि तेल कमी लागावं म्हणून ती असते. ती घासते आणि तुटतेही. त्यानं लगेच काही बिघडत नाही, पण वारंवार तिथंच आवाज येत असेल तर आपला रस्ता आणि या गाडीचं नाक जुळत नाही, असं समजावं.

आणि उंच दिसते म्हणून पुराच्या पाण्यात घालू नये. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना उंच गाडी जाईल असं वाटतं. पण इंजिनला हवा घेणारं तोंड पुढच्या बाजूला असतं आणि त्यातून पाणी आत गेलं की इंजिन जागेवर बसतं. साध्या विम्यात या नुकसानाचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

मोठं चाक, पातळ रबर

शोरूममध्ये महागड्या मॉडेलला मोठी, दोन रंगांची अलॉय चाकं असतात. फोटोत तीच उठून दिसतात. टायरवर लिहिलेला आकडा वाचायला शिकलं तर यातली गोम कळते. २१५/६० आर १६ म्हणजे टायर २१५ मिलिमीटर रुंद आणि त्याची भिंत रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. चाकाची रिंग १६ इंची. आता २१५/५५ आर १७ बघा. भिंत होते ११८ मिलिमीटर. रिंग मोठी झाली, रबर कमी झालं. खड्ड्याची धारदार कड लागली की मधे मार खाणारं रबर एक सेंटिमीटरनं कमी आहे.

साधी लोखंडी रिंग वाकली तर ठोकून सरळ करता येते. अलॉय जोरात आपटली तर तडा जाऊ शकतो आणि तडा गेलेली रिंग जोडून वापरणं धोक्याचं. ज्यांचं जाणं-येणं रोज हायवेनं नाशिकला आहे, त्यांना १७ इंची शोभतात. ज्यांच्या वस्तीचा शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता उखडलेला आहे, त्यांना १६ इंची जाड टायरचं मधलं मॉडेल जास्त मानवतं, आणि ते स्वस्तही असतं. डिकीतली स्टेपनीही एकदा उघडून पाहावी. बऱ्याच गाड्यांत ती बाकीच्या चाकांपेक्षा लहान मापाची असते. ती लावून कमी वेगानं पंक्चरवाल्यापर्यंत जायचं असतं, मुंबईपर्यंत नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ साली आली तेव्हा स्टेपनी मागच्या दरवाजावर टांगलेली होती. तिच्याआधी २००९ साली आलेल्या, पिंपरीच्या प्रीमियर कंपनीच्या रिओचीही तशीच. जीपची ती खूण होती. नंतर आलेल्या ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यूनं ती डिकीच्या तळाशी नेली.

डोळे वर, दिवे खाली

अलीकडच्या गाड्यांचा चेहरा वेगळा वाटतो. वर बॉनेटच्या कडेला पातळ पांढरी रेघ पेटते आणि लोक तिला हेडलाइट समजतात. ती हेडलाइट नाही. तो दिवसा पेटणारा दिवा, डीआरएल. खरा हेडलाइट खाली बंपरमध्ये असतो. २०१० साली निस्सानच्या ज्यूक गाडीनं असा दुभंगलेला चेहरा आणला. भारतात २०१९ च्या व्हेन्यूनं तो छोट्या गाड्यांत रुळवला आणि २०२३ च्या नव्या नेक्सॉननंही तोच घेतला. खरं तर यामागं थोडा विचार आहे. गाडी उंच झाली की हेडलाइटही उंच जातो आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या थेट डोळ्यांत प्रकाश मारतो. दिवा खाली आणला की तो त्रास कमी होतो, आणि वरची पातळ रेघ रूप सांभाळते.

पण खाली आलेला दिवा बंपरच्या उंचीला येतो. वासरू आडवं आलं, पुढच्या ट्रॉलीला हलकं टेकलं, तरी मार दिव्याला. एलईडी दिव्यात बल्ब बदलायचा नसतो, बऱ्याच गाड्यांत अख्खा संचच बदलावा लागतो. पावसाळ्यात चिखलही तिथंच बसतो. रात्री निघताना फडकं मारायची सवय लावून घ्यावी लागते.

यातली सगळ्यात गंभीर गोष्ट कंपन्यांच्या जाहिरातीत नसते. डीआरएल इंजिन चालू केलं की आपोआप पेटतो. समोर उजेड दिसतो, आत मीटरही उजळलेला असतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं की दिवे चालू आहेत. पण नुसत्या डीआरएलवर बहुतेक गाड्यांचे मागचे लाल दिवे पेटत नाहीत. संध्याकाळी दिवस मावळताना, किंवा थंडीत पहाटे धुकं असताना, गाडी पुढून झगमगते आणि मागून पूर्ण काळी असते. मागून भाजीचा पिकअप येतोय, आणि त्याला पुढं काय आहे ते दिसत नाही. मागच्या बाजूला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी ती लाल पट्टी, जिच्यासाठी लोक महागडं मॉडेल घेतात, ती स्विच फिरवल्याशिवाय अंधारातच राहते. दिवे आपोआप लागण्याची सोय सगळ्याच मॉडेलांत नसते. अंधारून आलं की हातानं स्विच फिरवायचा, हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं पाहिजे.

अंगणातली पोरं

उंच बॉनेट आणि अरुंद काच यांची किंमतही अंगणातच कळते. ड्रायव्हर सीटवर बसून समोर पाहिलं तर बॉनेटच्या पुढची काही फूट जमीन दिसतच नाही. चार वर्षांचं पोर बॉनेटला चिकटून उभं असेल तर उंच माणसालाही ते दिसणार नाही. मागची काच लहान आणि कोपऱ्याचे खांब जाड, म्हणून मागं घेतानाही तेच. खात्री करायची तर घरातल्या एखाद्या लहान मुलाला मोठ्या माणसानं हाताला धरून बंद गाडीच्या पुढं उभं करावं आणि मागं-मागं न्यावं. ड्रायव्हर सीटवरून त्याचं डोकं कुठं दिसायला लागतं ते बघितलं की अंदाज येतो. मागचा कॅमेरा असलेलं मॉडेल यासाठी घ्यावं, आणि पावसाळ्यात त्या कॅमेऱ्याची काच पुसावी. गाडी चालू करण्याआधी एक फेरी मारून बघायची सवय मात्र कॅमेऱ्यानं सुटू नये.

टपावरच्या दोन दांड्या, म्हणजे रूफ रेल, पाहून काहींना बोलेरोच्या कॅरिअरची आठवण येते. काही गाड्यांत त्या नुसत्या शोभेच्या असतात. ज्या कामाच्या आहेत त्यांनाही मर्यादा असते, काही कंपन्या ५० किलोचा आकडा देतात. म्हणजे कांद्याची एक गोणी. पुस्तिकेत आकडा लिहिलेला नसेल तर काही बांधू नये.

रंगाबद्दल एवढंच, की काळा रंग शोरूममध्ये राजासारखा दिसतो आणि धूळ, बाभळीच्या फांद्या, उसाच्या पाचटाचे ओरखडे सगळ्यात जास्त त्याच्यावरच दिसतात. पांढऱ्यावर चिखल दिसतो, पण ओरखडे लपतात.

लोखंडी गार्ड लावू नका

नवी गाडी गावात आली की पहिला सल्ला मिळतो, पुढं लोखंडी गार्ड बसवून घे, हे प्लास्टिक काय टिकणार. बोलेरोच्या लोखंडी बंपरची सवय असलेल्यांना हे पटतंही. पण नव्या गाडीचा बंपर टिकण्यासाठी नसतो. तो दबण्यासाठी असतो. टक्कर झाली की बंपर आणि त्यामागचा भाग चुरगळत जातो, धक्का त्यात जिरतो आणि माणसांपर्यंत कमी पोचतो. एअरबॅग कधी उघडायची हेसुद्धा या धक्क्याच्या हिशोबावर ठरलेलं असतं. चेसिसला जोडलेला लोखंडी पाइप हा सगळा हिशोब बिघडवतो, आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याला तो थेट लागतो. याच कारणांनी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना असे गार्ड रोखायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करायला मनाई आहे. गार्ड दिसला तर दंड होऊ शकतो आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

पत्रा हातानं दाबून गाडीची मजबुती कळत नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत पाच स्टार मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते, आणि तिचाही बंपर प्लास्टिकचाच होता. आता भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी आहे. थ्रीएक्सओला तिच्यात पाच स्टार आहेत. बुकिंगआधी मोबाइलवर गाडीच्या नावापुढं भारत एनकॅप लिहून शोधलं की निकाल सापडतो.

राहिला प्रश्न शोरूमच्या ॲक्सेसरी पॅकेजचा. क्रोमच्या पट्ट्या, दरवाजाच्या मुठींवरची चकचकीत झाकणं, जास्तीची काळी पट्टी असं सगळं एकत्र करून एक रक्कम सांगितली जाते आणि ती ऑन-रोड किमतीत मिसळली जाते. हे घेणं सक्तीचं नसतं. कोटेशनमध्ये प्रत्येक वस्तूची रक्कम वेगळी लिहून मागावी, आणि त्याच कागदावर पुढचा बंपर, एक हेडलाइट आणि एक अलॉय रिंग यांची किंमतही लिहून घ्यावी. टेस्ट ड्राइव्ह हायवेवर दिली जाते, ती आपल्या वस्तीपर्यंत मागावी, घरची चार माणसं बसवून. पॅकेजमधलं काही घ्यायचंच असेल तर चाकांमागची रबरी मडफ्लॅप चारही घ्यावीत. चिखल आणि खडी तीच अडवतात, आणि त्यांची किंमत क्रोमच्या पट्ट्यांपेक्षा सहसा कमीच असते.